वेरोनाचा दगडी पूल: नदीतून वेचून पुन्हा उभा केलेला

२५ एप्रिल १९४५. उत्तर इटलीतून माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने वेरोना शहरातले अदिजे नदीवरचे सगळे पूल सुरुंग लावून उडवले. दुसऱ्या दिवशी दोस्तांचं सैन्य शहरात शिरलं. युरोपातलं युद्ध संपायला तेव्हा जेमतेम दोन आठवडे उरले होते.

उडवलेल्या पुलांत दोन फार जुने होते. एक कास्तेल्वेक्क्यो किल्ल्याला लागून असलेला, चौदाव्या शतकातला विटांचा पूल. दुसरा त्याच्याहून कितीतरी जुना, रोमन काळातला. त्याचं नाव पोन्ते पिएत्रा, म्हणजे साध्या मराठीत दगडी पूल. त्याच्या पाच कमानींपैकी चार नदीत गेल्या. उजव्या काठाची एक कमान आणि तिच्यापाशी उभा असलेला बुरूज तेवढा वाचला. पुढची बारा वर्षं तो पूल तसाच तुटलेला राहिला आणि १९५७ ते १९५९ या काळात पुन्हा बांधला गेला. त्यासाठी दगड वापरले ते बव्हंशी त्याच पुलाचे, नदीच्या तळातून वर काढलेले.

जुन्या वास्तूंच्या जतनावर बोलणं निघालं की ‘पाडलेलं पुन्हा बांधावं की नाही’ एवढ्याच प्रश्नावर वाद अडकून पडतो. वेरोनाच्या या प्रकरणात मला त्याहून मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: बांधायचं ठरलं, पण बांधायचा कुठला पूल? या पुलाला एकच एक रूप कधी नव्हतंच. हे समजायला आधी नदीकडे पाहावं लागतं.

वळसा घालणारी नदी

अदिजे ही पो नदीच्या खालोखाल इटलीतली सर्वांत लांब नदी, सुमारे ४१० किलोमीटर. ती आल्प्समध्ये रेशेन खिंडीजवळ उगम पावते आणि एड्रियाटिक समुद्राला मिळते. डोंगरातून मैदानात उतरते तिथेच वेरोना आहे. गावाशी आल्यावर नदी सरळ जात नाही. ती एक मोठं नागमोडी वळण घेते आणि त्या वळणाच्या पोटात रोमनांनी आपलं शहर आखलं. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे तट. संरक्षणासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती.

इसवी सन पूर्व १४८ मध्ये रोमनांनी व्हिया पोस्तुमिया हा रस्ता बांधला, पश्चिमेच्या जेनोआ बंदरापासून पूर्वेच्या आक्विलेयापर्यंत. हा रस्ता वेरोनातून जात होता आणि शहराचा मुख्य रस्ताही तोच होता. आजही पोर्ता बोर्सारी या रोमन वेशीतून आत शिरलं की सरळ जुन्या फोरमच्या, म्हणजे रोमन शहराच्या मुख्य चौकाच्या जागी, अर्थात आजच्या पियात्सा देल्ले एर्बे या बाजारचौकात पोहोचता येतं आणि तसंच पुढे गेलं की सान्त आनास्तासिया चर्च लागतं. दोन हजार वर्षं लोक त्याच रेषेवरून चालत आले आहेत. चौकटी बदलल्या, दुकानं बदलली, रेष तीच राहिली.

रस्ता संपतो तिथे नदी आडवी येते. पलीकडे सान पिएत्रोची टेकडी, टेकडीच्या उतारावर इसवी सन पूर्व पहिल्या शतकाच्या शेवटी कोरलेलं रोमन नाट्यगृह. शहर अलीकडे, नाटक पलीकडे, मध्ये पूल. या भागात रोमनांचे दोन पूल होते. खालच्या अंगाचा पूल मध्ययुगातच नाहीसा झाला. वरच्या अंगाचा टिकला, तो हा दगडी पूल. इसवी सन पूर्व १०० च्या आसपास तो बांधला असं साधारणपणे धरलं जातं.

दहाव्या शतकात कुणीतरी वेरोनाचं एक चित्र काढलं होतं. मूळ चित्र हरवलं, पण अठराव्या शतकात केलेल्या नकलेमुळे ते आपल्याला ठाऊक आहे. त्यात तटबंदी आहे, अरेना हे रोमनांचं गोल खुलं क्रीडागार आहे, नदीचं वळण आहे, टेकडीवरचा किल्ला आहे आणि कमानींचा एक पूल आहे. पुलावर लॅटिनमध्ये लिहिलंय: ‘पोन्स मार्मोरेउस’, संगमरवरी पूल. बांधून हजार वर्षं झाल्यावरही त्याचा पांढरा दगड गावाच्या डोळ्यांत भरत होता, असं या दोन शब्दांवरून दिसतं.

पुराशी पंधराशे वर्षं

सुरुंगाच्या आधी या पुलाचा वैरी एकच होता, नदीचा पूर. रोमन बांधणाऱ्यांना ते माहीत होतं. त्यांनी खांबांच्या वरच्या भागात, दोन कमानींच्या मधल्या भरीव भिंतीत, आरपार भोकं ठेवली. पाणी कमानींच्या खांद्यापर्यंत चढलं की ते या भोकांतून वाट काढायचं आणि पुलावरचा रेटा तेवढा कमी व्हायचा. दगड पांढुरके, चुनखडीचे, मोठमोठे आणि पाचरीच्या आकारात घडवलेले. एका रोमन कमानीच्या माथ्यावरच्या कळीच्या दगडावर नदीदेवतेचा चेहरा कोरलेला आहे. पुलाचा सगळा भार ज्या दगडात येऊन अडकतो, नेमक्या त्याच दगडावर त्यांनी नदीचं तोंड कोरलं. पूल नदीच्याच मर्जीवर उभा आहे हे सांगायला याहून योग्य जागा नव्हती.

तरीही मध्ययुगातल्या पुरांनी पूल पुन्हा पुन्हा मोडला. डाव्या काठाच्या, टेकडीकडच्या दोन रोमन कमानी टिकल्या. शहराकडच्या कोसळल्या. कधी लाकूड टाकून, कधी दगड रचून काम भागवलं गेलं. १२९८ मध्ये शहरावर सत्ता असलेल्या आल्बेर्तो देल्ला स्कालाने उजव्या काठाची कमान नव्याने बांधली आणि तिच्याशी पहाऱ्याचा बुरूज आहे. १९४५ ला वाचली ती हीच कमान.

मधला भाग मात्र सतत दगा देत होता. नदीचा तळ तिथे मऊ होता. खांबाच्या पायाखालची माती प्रवाह खरवडून नेई आणि खांब खचे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, वेरोना व्हेनिसच्या ताब्यात असताना, हे काम फ्रा जोकोंदोकडे आलं. हा वेरोनाचाच धर्मबंधू, नाणावलेला स्थापत्यकार. पॅरिसमधल्या नोत्र-दाम पुलाच्या बांधकामातही त्याचा हात होता. चरित्रकार वासारीने त्याची युक्ती नोंदवून ठेवली आहे: मधल्या खांबाभोवती लांब लाकडी खुंटांची दुहेरी रांग पाण्याखाली ठोकायची आणि खांबाला कायमचं कडं घालून टाकायचं, म्हणजे नदी त्याच्या मुळाशी पोहोचूच शकणार नाही. खांब भक्कम करण्यापेक्षा त्याच्या पायाखालची जमीन सांभाळण्याचा हा विचार होता. आजचे अभियंते पुलांच्या पायाभोवती दगडांचा भराव टाकतात त्यामागेही हेच कारण असतं. मधल्या कमानी विटांनी बांधल्या गेल्या.

अशा रीतीने सोळाव्या शतकापर्यंत पूल गोधडीसारखा झाला. टेकडीकडे दोन पांढऱ्या दगडी रोमन कमानी, मध्ये विटांच्या तांबूस कमानी, शहराकडे तेराव्या शतकाची कमान आणि बुरूज. कमानींची रुंदी सारखी नाही, रंग सारखा नाही, जोड लपवलेले नाहीत. एका काठावर उभं राहून पाहिलं तर पुलाचा पोत डोळ्यांसमोर दोनदा बदलतो. पण वरून जाणारी रेषा एकसंध आहे, आणि पाण्यात पडणारं प्रतिबिंबही.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. १८०१ च्या ल्युनेव्हिलच्या तहाने अदिजे नदी ही फ्रेंच आणि ऑस्ट्रियन प्रदेशांमधली सीमा ठरली. नदी शहरातून जात असल्यामुळे शहराचेच दोन तुकडे झाले. उजवा काठ फ्रेंचांच्या अमलाखाली, डावा ऑस्ट्रियाचा. १८०५ पर्यंत असंच चाललं. नाट्यगृहाकडे जाणारा पूल त्या काळात दोन राज्यांच्या मधला पूल होता. डाव्या काठाच्या वस्तीला आजही ‘वेरोनेत्ता’, म्हणजे धाकटं वेरोना, म्हणतात. हे नाव त्याच काळात फ्रेंचांच्या तोंडून आल्याचं सांगतात.

आणि मग १८८२ चा सप्टेंबर. त्या पुराने शहर हादरलं. तोवर नदीत दोरखंडांनी बांधलेल्या तरंगत्या पाणचक्क्या होत्या, काठाला लागून घरं होती, आल्प्सकडून लाकडाचे तराफे खाली येत होते. पुरानंतर शहराने ठरवलं की नदीला आता मोकळं सोडायचं नाही. पुढच्या काही वर्षांत दोन्ही काठांवर उंच दगडी भिंती उभ्या राहिल्या. शहरातले नदीचे फाटे बुजवले गेले. अशा एका बुजवलेल्या फाट्यावर आज जो रस्ता आहे त्याचं नाव ‘इंतेर्रातो देल्लाक्वा मोर्ता’, म्हणजे मेलेल्या पाण्यावरचा भराव. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना आपण काय गमावतो आहोत हे नीट कळलं होतं असं मला वाटतं. पूर थांबला, पण नदीशी रोजचा संबंधही तुटला. पाणी भरायला, कपडे धुवायला, धान्य दळायला नदीवर जाणं बंद झालं आणि नदी भिंतीवरून वाकून पाहण्यापुरती उरली. दगडी पुलाच्या आसपास मात्र जुन्या काठाची ठेवण अजून थोडी जाणवते.

एक कमान गेली की

कमानीचा पूल सुरुंगापुढे इतका हतबल का ठरतो, हे पाहिल्याशिवाय पुढचं काम किती अवघड होतं ते लक्षात येत नाही.

कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दोन दगडांवर रेलून असतो. भार खाली जाताना बाजूंनाही रेटा देतो. सलग कमानींच्या पुलात मधल्या खांबावर दोन्हीकडून रेटा येतो आणि दोन्ही रेटे एकमेकांना तोलून धरतात. एक कमान उडाली की तिचा रेटा नाहीसा होतो. शेजारची कमान अजून ढकलतेच आहे, पण समोरून अडवणारं कुणी नाही. खांब पुरेसा जाड नसेल तर तो कलतो आणि मग तीही कमान जाते. शत्रूचा रस्ता तोडायला इतकं पुरतं. सैनिकाला त्या क्षणी पाण्याची रुंदी दिसत असते, दोन हजार वर्षं दिसत नसतात.

पण याच बांधणीत एक आशाही होती. काँक्रीटचा पूल उडवला की राडारोडा उरतो. घडीव दगडांचा पूल उडवला की दगड उरतात. काही फुटतात, काहींचे कोपरे उडतात, पण बरेचसे दगड जसेच्या तसे पाण्यात पडून राहतात. आणि पाचरीच्या आकाराचा दगड स्वतःची जागा सांगू शकतो. त्याच्या दोन बाजूंचा उतार कमानीच्या वक्रतेशी जुळतो. जो पृष्ठभाग बाहेर होता तो ऊनपावसाने काळवंडलेला आणि खरबरीत झालेला असतो. जी बाजू शेजारच्या दगडाला टेकलेली होती ती कोरी, टाकीच्या घावांसकट, बांधली त्या दिवसासारखी असते. जुनी छायाचित्रं हाताशी असतील तर डाग, भेगा आणि टवके पाहून दगड ओळखता येतो. चेहरा ओळखावा तसा.

काय करायचं यावर तीन वाटा

युद्धानंतर वेरोनासमोर सगळंच होतं. बाँबहल्ल्यांत घरं गेली होती, रेल्वे बंद होती, दोन काठांत दळणवळण नव्हतं. म्हणून वाहतुकीचे पूल आधी उभे राहिले आणि ते रास्तच होतं. पोटाची सोय आधी, वारसा मागाहून, असं मी कुत्सितपणे म्हणत नाही. उपाशी शहराला जुन्या कमानींचं कौतुक सांगण्याचा हक्क कुणाला नसतो.

दगडी पुलाबाबत मात्र विचाराला वेळ मिळाला आणि ढोबळमानाने तीन वाटा दिसत होत्या. पहिली, उरलेली कमान आणि बुरूज भग्नावशेष म्हणून ठेवायचे आणि शेजारी किंवा त्याच जागी आजच्या पद्धतीचा पूल टाकायचा. यात प्रामाणिकपणा आहे: घडलं ते घडलं, त्याची खूण राहू द्या. दुसरी, रोमन पूल मूळ रूपात घडवायचा, पाचही कमानी पांढऱ्या दगडाच्या, मधली ठिगळं वगळून. सगळं पडलंच आहे तर मग ‘शुद्ध’ करून घ्यायला काय हरकत, हा मोह अशा वेळी नेहमी होतो. तिसरी, २४ एप्रिल १९४५ ला जसा होता तसाच, सगळ्या ठिगळांसकट बांधायचा.

तिसऱ्या वाटेला इटलीत एक घोषवाक्यही मिळालेलं होतं: ‘जसा होता, जिथे होता’. १९०२ मध्ये व्हेनिसच्या सान मार्को चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळला तेव्हा हे शब्द पुढे आले आणि १९१२ मध्ये मनोरा त्याच जागी, त्याच रूपात पुन्हा उभा राहिला. पण मनोऱ्याची गोष्ट वेगळी होती. तो बव्हंशी नव्या सामग्रीने बांधलेली प्रतिकृती होता. वेरोनापाशी मूळ दगड होते, नदीत पडलेले.

शिवाय वेरोनाला स्वतःचा एक अनुभव होता. आर्को देई गावी ही पहिल्या शतकातली रोमन कमान १८०५ मध्ये फ्रेंच लष्कराने रस्त्याच्या आड येते म्हणून पाडली. तिचे दगड शहराने शंभराहून जास्त वर्षं जपून ठेवले. पाल्लादियोसारख्या स्थापत्यकारांनी सोळाव्या शतकात तिची मोजमापं घेऊन रेखाटनं करून ठेवली होती. त्या आधारावर १९३२ मध्ये ती किल्ल्याशेजारी पुन्हा उभी केली. जागा मूळची नाही, पण दगड मूळचे. त्या कमानीवर तिच्या स्थापत्यकाराचं नाव कोरलेलं आहे, लुसियस व्हिट्रुव्हियस सेर्डो, आणि ते आजही वाचता येतं. दगड टाकून द्यायचे नसतात, ही सवय या गावाला आधीपासून होती.

पिएरो गाझोला

या प्रकरणातली मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे पिएरो गाझोला. हे युद्धकाळापासून वेरोना विभागाच्या स्मारक संरक्षण खात्याचे अधीक्षक होते. म्हणजे पूल उडाले तेव्हाही त्या पुलांची जबाबदारी त्यांच्याकडेच होती. सांभाळायला दिलेली वस्तू आपल्या डोळ्यांदेखत मोडावी आणि मग आयुष्याची पुढची वर्षं ती सांधण्यात जावीत, असं त्यांचं झालं.

आधी किल्ल्याचा पूल हातात घेतला गेला. वेरोनाचा सत्ताधीश कांग्रांदे दुसरा याने १३५४ ते १३५६ या काळात बांधलेला. त्याची सर्वांत मोठी कमान जवळपास ४९ मीटर रुंद, त्या काळात जगात इतकी रुंद कमान दुसरीकडे नव्हती. १९४९ ते १९५१ या काळात तो जसा होता तसा बांधून झाला. पुलाच्या खालच्या भागातला दगड नदीतून काढून वापरता आला, विटांचं काम मात्र नव्याने करावं लागलं. एकाच कारागिरीचा, एकाच काळातला पूल असल्यामुळे ‘कसा होता’ याबद्दल शंका नव्हती.

दगडी पुलाचं तसं नव्हतं. म्हणूनच गाझोलांचा निर्णय मला इतका महत्त्वाचा वाटतो. वास्तुशिल्पी लिबेरो चेक्कीनी यांच्या साथीने १९५७ ला त्यांनी काम सुरू केलं. नदीच्या तळातून दगड वर काढले, जुन्या छायाचित्रांशी ताडून ओळखले, जागा ठरवल्या. अदिजे आल्प्सच्या बर्फावर चालते. हिवाळ्यात डोंगरात पाणी गोठून बसतं तेव्हा नदी उतरते, उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ वितळलं की फुगते. तळातलं कोणतंही काम या वेळापत्रकाला धरूनच करावं लागतं.

मग सेंटरिंग. आधी लाकडाची कमान उभी करायची, तिच्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणायचे, शेवटी कळीचा दगड बसवायचा. तो बसेपर्यंत कमान कमान नसते, लाकडावर ठेवलेला दगडांचा ढीग असतो. तो बसला आणि खालचं लाकूड हळूहळू उतरवलं की दगड किंचित सरकतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि भार घेऊ लागतात. रोमनांनीही ती कमान अशीच बांधली होती. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या दगडाने ज्या दगडाला धरलं होतं त्यानेच पुन्हा त्याला धरावं, हे नुसत्या कल्पनेने अंगावर काटा आणतं. नव्या साधनांनी वजन उचलणं सोपं झालं असेल, पण दगड बसवायची रीत बदललेली नव्हती, कारण दगड तेच होते.

त्यांनी रोमन कमानी रोमन दगडांनी रचल्या, सोळाव्या शतकातल्या विटांच्या कमानी विटांनीच केल्या आणि १२९८ ची वाचलेली कमान होती तशी ठेवली. दगड आणि वीट यांच्यातला सांधा, जिथे रोमन काम संपतं आणि नंतरचं सुरू होतं, तो दातेरी, वेडावाकडा सांधासुद्धा लपवला नाही. १९५९ मध्ये पूल पुरा झाला.

रोमन पुलांचा एवढा अभ्यास असलेल्या माणसाने हे केलं हे लक्षात घ्यायला हवं. गाझोलांनी पुढे रोमन पुलांची मोठी सूची तयार केली. मनात आणलं असतं तर संपूर्ण रोमन पुलाचा आराखडा तेच काढू शकले असते आणि पर्यटकांनाही तो आवडला असता. त्यांनी फ्रा जोकोंदोच्या विटाही तितक्याच आदराने परत बसवल्या.

किती खरा?

आता अवघड भाग. हा पूल जुना आहे का?

रोमन कमानींचं उत्तर मला सोपं वाटतं. दगड तेच, जागा तीच, रचना तीच. मधली बारा वर्षं ते पाण्यात होते. वाड्याची तुळई उतरवून पुन्हा चढवली म्हणून तुळई नवी होत नाही. विटांच्या कमानींचं उत्तर तितकं सोपं नाही. सुरुंगाने उडालेली वीट दगडासारखी वेचून परत बसवता येत नाही. तिथे रूप जुनं आहे, पण पदार्थ विसाव्या शतकाचा आहे आणि लांबून पाहणाऱ्याला तो फरक जाणवत नाही. जतनाच्या कडक कसोटीवर हा दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

ही कसोटी शब्दांत बांधणाऱ्यांत गाझोला स्वतः होते, हे या प्रकरणातलं विलक्षण वळण. १९६४ मध्ये व्हेनिसला जगभरचे स्थापत्यकार आणि जतनतज्ज्ञ जमले आणि त्यांनी स्मारकांच्या जतनाची सनद तयार केली. मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष गाझोला होते. पुढच्याच वर्षी इकोमोस ही स्मारकांच्या जतनासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षही तेच. सनदेचं अकरावं कलम म्हणतं की एखाद्या वास्तूत वेगवेगळ्या काळांनी जी मोलाची भर घातली तिचा मान राखायचा, सगळं एका शैलीत आणणं हे जतनाचं ध्येय नाही. पंधरावं कलम, उत्खननातल्या अवशेषांबद्दल बोलताना, पुनर्बांधणीला आधीच नकार देतं आणि सुटे झालेले मूळ भाग पुन्हा जोडायला तेवढी मुभा देतं, तीही नवी भर ओळखू येईल अशा अटीवर.

ही दोन कलमं दगडी पुलाशेजारी ठेवून वाचावीत. अकरावं कलम म्हणजे जणू त्या पुलाचं वर्णनच, पाच वर्षांनी लिहिलेलं. पंधराव्याच्या मोजपट्टीवर रोमन कमानी उतरतात, विटांच्या कमानींपाशी ती अडखळते. यात गाझोला स्वतःच्या शब्दाला चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांनी आधी हाताने काम केलं आणि त्या कामात जे कळलं, जे टोचलं, त्यातून नियम आला असावा असा माझा समज आहे. विटांच्या त्या दोन कमानी न बांधता रोमन कमानी उभ्या करता आल्याच नसत्या, रेट्याचा तोल राहिला नसता, ही गोष्टही विसरता येत नाही. पुलाला अर्धवट जतन करता येत नाही. तो नदी ओलांडतो किंवा ओलांडत नाही.

याच वर्षांत, याच शहरात, पुलापासून फार लांब नसलेल्या किल्ल्यात दुसरा माणूस अगदी उलट वाटेने निघाला होता. वास्तुशिल्पी कार्लो स्कार्पा १९५८ ते १९६४ या काळात कास्तेल्वेक्क्यो किल्ल्यातलं संग्रहालय नव्याने घडवत होते. १९२० च्या दशकात तिथे शहरात पाडलेल्या जुन्या वाड्यांच्या गॉथिक खिडक्या आणून भिंतीत बसवल्या होत्या, जणू त्या तिथल्याच. स्कार्पांनी नवं आणि जुनं यांच्यात मुद्दाम फट ठेवली. नवी फरशी भिंतीला टेकत नाही, कडेने बारीक चर राहते. नवी काच जुन्या खिडकीच्या मागे वेगळ्या चौकटीत उभी राहते. कांग्रांदे पहिल्याचा घोड्यावरचा पुतळा त्यांनी उघड्यावर, काँक्रीटच्या आधारावर, हवेत काढलेल्या जागी ठेवला. आज जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी वेरोनाला येतात ते बहुधा हे पाहायला, आणि ते योग्यच आहे.

पण या दोघांना समोरासमोर उभं करून कोण बरोबर असं विचारणं मला पटत नाही. स्कार्पांसमोर खोट्याने भरलेली वास्तू होती, तिथे खरं वेगळं काढून दाखवण्याची गरज होती. गाझोलांसमोर मोडलेली वास्तू होती आणि तिचे तुकडे समोर पडले होते. दोघांनीही सांधे लपवले नाहीत, एवढं मात्र सारखं.

फ्लॉरेन्सचं उदाहरण जाता जाता. तिथला सान्ता त्रिनिता पूल ऑगस्ट १९४४ मध्ये असाच उडवला गेला आणि १९५८ मध्ये आर्नो नदीतून काढलेल्या दगडांनी पुन्हा उभा राहिला. त्याच्यावरच्या वसंत ऋतूच्या पुतळ्याचं डोकं १९६१ मध्ये नदीत सापडलं. त्या पुलाचा डौल मोठा आहे, पण तो एका काळाचा, एका हाताचा. वेरोनाच्या पुलासारखी कुठली कमान कुठल्या शतकाची म्हणून ठेवायची ही अडचण तिथे नव्हती.

नंतरचं

पूल पुरा झाला त्याच वर्षी, १९५९ मध्ये, वेरोनाच्या वरच्या अंगाला मोरी आणि तोर्बोले या गावांमधला बोगदाही पुरा झाला. सुमारे १० किलोमीटर लांबीचा हा बोगदा अदिजेचं पुराचं पाणी गार्दा सरोवरात वळवतो, सेकंदाला ५०० घनमीटरपर्यंत. त्याचं काम १९३९ मध्ये सुरू होऊन युद्धात थांबलं होतं. २०१८ च्या ऑक्टोबर अखेरीला मोठ्या वादळात त्याचे दरवाजे उघडावे लागले. पुलाच्या जुन्या वैऱ्याला वाट करून देण्याची एवढी मोठी सोय त्याच्या दोन हजार वर्षांत पहिल्यांदाच झाली.

२००० साली युनेस्कोने वेरोना शहराला जागतिक वारसा यादीत घेतलं. नवा घडवलेला पूलही त्या हद्दीत आहे.

सान्त आनास्तासियाकडून आलं तर पुलावर जाताना बुरुजाशेजारून जावं लागतं. पायाखाली आधी १२९८ ची कमान येते, सुरुंगातून वाचलेली ती एकटीच. मग विटांचा भाग, जिथे खालच्या पाण्यात फ्रा जोकोंदोने खुंट ठोकले होते. नदी इथे जोरात वाहते, पाण्याचा रंग हिरवट आणि आवाज सतत. अर्ध्याहून पुढे गेलं की कठड्यावरून वाकून पाहावं. वीट संपून पांढरे दगड सुरू होतात, मोठे, कडा झिजलेले, काहींचे कोपरे टवकलेले. पूल संपतो तिथे समोर टेकडी आहे आणि तिच्या पायथ्याशी नाट्यगृहाच्या पायऱ्या.